काळे कोपरे

फोटोत दोष आला तर आपण काय करतो? कापून टाकतो. कोपरा काळा आला, कडेला बोट आलं, इमारत तिरकी दिसली की केला क्रॉप! मोबाईल तर आता आपल्याला न विचारताच हे काम उरकून टाकतो. अशा सवयीच्या डोळ्यांना युजीन आत्झे या फ्रेंच माणसाचे फोटो चमत्कारिक वाटतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली एखादी बोळ, एखादा जुना दरवाजा, चर्चची भिंत. सगळं कसं रेखीव, काटकोनात! आणि फोटोच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र गोलसर काळोख. जणू कुणी कमानीखाली उभं राहून बाहेर बघतंय. बरं, हे एखाद्या फोटोत चुकून झालं असं नाही. असे कितीतरी फोटो आहेत आणि जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी ते जिवापाड जपले आहेत.

हे कोपरे काळे का झाले आणि या माणसाने ते तसेच का राहू दिले, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पण उत्तर शोधता शोधता मी त्याच्या अख्ख्या आयुष्यातच शिरलो. तेच आयुष्य इथे सांगतो. शाखा कोणतीही असो, आपल्या रोजच्या कामाचं त्यात काहीतरी सापडेल असं मला वाटतं.

आत्झेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ चा. गाव लिबूर्न, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या बोर्दो शहराजवळ. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. पोरगा पाच वर्षांचा असताना वडील गेले आणि थोड्याच काळात आईही गेली. आजी-आजोबांनी त्याला बोर्दोत वाढवलं. शाळा संपल्यावर त्याने व्यापारी जहाजावर नोकरी धरली आणि काही काळ समुद्र पाहिला. पण डोक्यात होतं नाटक! १८७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथल्या नामांकित सरकारी नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसला. नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, तेव्हा प्रवेश मिळाला. मात्र त्या काळी फ्रान्समध्ये लष्करी सेवा सक्तीची होती. ती करायची आणि उरलेल्या वेळात वर्गात हजेरी लावायची, अशी तारेवरची कसरत फार दिवस चालली नाही. १८८१ मध्ये नाट्यशाळेने त्याला काढून टाकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर वाय.डी. लागला, आणि तोही कायमचा!

तरी गड्याने नाटक सोडलं नाही. फिरत्या नाटक कंपनीत शिरला. पॅरिसच्या उपनगरांत आणि लहान गावांत मिळेल ती दुय्यम भूमिका करायची, असं त्याचं आयुष्य सुरू झालं. याच काळात त्याला व्हॅलेंटाईन ही नटी भेटली आणि तिने त्याला जन्मभर साथ दिली. पुढे १८८७ च्या सुमारास घशाच्या दुखण्याने त्याचा आवाज गेला आणि नटाचा धंदा संपला. मग त्याने चित्रकला करून पाहिली, त्यातही जम बसला नाही. वय तिशीचं. हातात पदवी नाही, आवाज नाही, नोकरी नाही. बायोडेटा लिहायचा म्हटलं तर पान कोरंच राहावं!

अशा वेळी, १८८८ च्या आसपास, त्याने कॅमेरा हातात घेतला. कलावंत व्हायचं म्हणून नव्हे, पोटासाठी. चित्रकारांच्या जगात वावरल्यामुळे त्यांची एक अडचण त्याला ठाऊक होती. चित्रात झाड काढायचं, नांगर काढायचा, एखादं फूल काढायचं तर प्रत्येक वेळी प्रत्यक्ष वस्तू समोर कुठून आणणार? मग आत्झे अशा वस्तूंचे फोटो काढून चित्रकारांना विकू लागला. १८९० च्या सुमारास पॅरिसला परतल्यावर त्याने दारावर पाटी लावली, तिचा अर्थ होता कलाकारांसाठी दस्तऐवज. यातला दस्तऐवज हा शब्द लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो आपल्या कामाला याच नावाने ओळखत राहिला.

आता त्या काळातलं पॅरिस डोळ्यांसमोर आणा. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान नावाच्या प्रशासकाने शहराच्या मध्यातून रुंद सरळ रस्ते काढले आणि त्यासाठी जुन्या वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त केल्या. पाणीपुरवठा, गटारं, बागा या सगळ्या बाबतींत ते काम मोठंच होतं, आपल्या सिव्हिलच्या पोरांनी अभ्यासावं असं. पण त्यात कित्येक शतकांचं जुनं शहर गेलं. उरलेलंही हळूहळू जात होतं. १९०० मध्ये मेट्रो सुरू झाली आणि खोदकाम वाढतच राहिलं. लोकांना उशिरा जाग आली. १८९७ मध्ये शहराने जुन्या पॅरिसची नोंद ठेवण्यासाठी एक समिती नेमली आणि जुन्या वास्तूंच्या फोटोंना एकदम मागणी आली.

आत्झेने हे अचूक हेरलं. १८९७-९८ पासून तो जुन्या पॅरिसच्या मागे लागला. राजवाडे आणि स्मारकं तर होतीच, पण त्याचा खरा ओढा वेगळा होता. घरांच्या दारांवरच्या लोखंडी कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या, चौकातलं कारंजं, अंगणातली विहीर, घोडागाडीची चाकं. जे कुणाच्या लक्षात येत नाही आणि पाडताना कुणाला वाईटही वाटत नाही, ते सगळं तो टिपत गेला. बिएव्र नावाची एक छोटी नदी पॅरिसमधून वाहत होती. काठाला चामड्याचे कारखाने, पाणी घाण. १९१२ पर्यंत शहरातला तिचा सगळा प्रवाह झाकून टाकला गेला. आत्झेने ती आधीच फोटोत धरून ठेवली होती. उलट आयफेल टॉवर! तो १८८९ पासून उभा होता, साऱ्या जगाचे डोळे त्याच्यावर होते. पण विषय म्हणून आत्झेच्या कामात त्याला जवळपास जागाच नाही. टॉवर कुठे पळून जाणार होता?

त्याचं हत्यार होतं घडीचा लाकडी कॅमेरा. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा चामडी भाता. तिवईवर उभा करायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा बघत फोकस करायचा. मग दुधी काचेच्या जागी १८ बाय २४ सेंटिमीटरची काचेची प्लेट बसवायची. अशी एक प्लेट, काच २ मिलिमीटर जाड धरली तर, २०० ग्रॅमच्या वर भरते. डझनभर घेतल्या की अडीच किलोहून जास्त वजन झालं ते नुसत्या काचांचं! कॅमेरा, तिवई, प्लेटा मिळून २० किलोच्या घरात ओझं घेऊन हा माणूस भल्या पहाटे घराबाहेर पडत असे.

आता येऊ त्या काळ्या कोपऱ्यांकडे.

इमारतीचा फोटो काढताना पहिली अडचण म्हणजे मागे सरकायला जागा नसते. समजा बोळ ४ मीटर रुंद आहे आणि समोरच्या घराचा दरवाजा घ्यायचा आहे. उभ्या प्लेटची उंची २४ सेंटिमीटर. लेन्सची फोकल लेंथ ३० सेंटिमीटर असेल तर समोरच्या भिंतीचे जेमतेम ३.२ मीटर प्लेटवर येतील. लेन्स २० सेंटिमीटरची लावली तर ४.८ मीटर येतील. म्हणून अरुंद जागेत वाईड अँगल लेन्स हवी. आत्झे बोळांत आणि चौकांत तशी लेन्स वापरत असे.

दुसरी अडचण उंचीची. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर सरळ ठेवला तर वाईड अँगल लेन्समध्ये निम्मा फोटो रस्त्याच्या फरशीनेच भरतो आणि इमारतीचा माथा कापला जातो. मग आपण काय करतो? कॅमेरा वर कलवतो. झालं! उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ज्यांनी पर्स्पेक्टिव्ह काढलंय त्यांना कारण सांगायला नको. चित्राचं प्रतल भिंतीला समांतर राहिलं नाही की उभ्या रेषांनाही छेदनबिंदू मिळतो. आत्झेच्या गिऱ्हाइकांना, म्हणजे वास्तुविशारद, लोहारकाम करणारे, फर्निचरवाले, नाटकाचे पडदे रंगवणारे यांना, असा फोटो काय कामाचा? त्यांना त्यावरून प्रमाण काढायचं असे.

भात्याच्या कॅमेऱ्यात यावर एक सुंदर उपाय असतो. कॅमेरा कलवायचाच नाही. प्लेट भिंतीला समांतर ठेवायची आणि फक्त लेन्स बसवलेली पुढची फळी वर सरकवायची. भाता लवचीक असल्याने हे जमतं. रेषा सरळ राहतात, खालची फरशी कमी होते आणि इमारतीचा माथा आत येतो. किती साधी युक्ती!

पण फुकट काहीच मिळत नाही. घडीच्या कॅमेऱ्यावर वाईड अँगल लेन्स लावली की ती प्लेटच्या जवळ आणावी लागते. भात्याच्या सगळ्या घड्या एकमेकींवर दाबल्या जातात, भाता ताठर होतो आणि पुढची फळी हवी तेवढी वर सरकायला कुरकुर करते. काही कॅमेऱ्यांत तर पुढे आलेली पाटच फोटोत दिसायला लागते, म्हणून ती खाली पाडून ठेवावी लागते. आणि सगळ्यात मोठी मर्यादा लेन्सची स्वतःची. लेन्स चौकोनी प्रतिमा पाडत नाही, ती गोल प्रतिमा पाडते. त्या वर्तुळात आपली चौकोनी प्लेट बसली पाहिजे.

यावरून हॉस्टेलवर माझं आणि माझ्या रूममेटचं चांगलंच वाजलं होतं. तो सिव्हिलचा. त्याचं म्हणणं, हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे, एवढा अनुभवी माणूस आणि लेन्स कुठवर चालते हे त्याला कळू नये? मग आम्ही मेसच्या बिलाच्या पाठीवर गणितच मांडलं. १८ आणि २४ चा कर्ण किती? बरोबर ३०! तीन-चार-पाचचा आपला लाडका त्रिकोण. म्हणजे लेन्स मध्यावर असेल तर प्रतिमेचं वर्तुळ किमान ३० सेंटिमीटर व्यासाचं हवं. आता उभ्या प्लेटवर लेन्स ४ सेंटिमीटर वर सरकवली समजा. मध्यापासून सगळ्यात लांबचा कोपरा किती दूर गेला? उभं अंतर १२ अधिक ४ म्हणजे १६, आडवं ९. दोघांच्या वर्गांची बेरीज ३३७, वर्गमूळ साधारण १८.४. म्हणजे वर्तुळ आता जवळपास ३७ सेंटिमीटर व्यासाचं पाहिजे. लेन्सचं वर्तुळ त्याहून लहान असेल तर दोन कोपरे वर्तुळाबाहेर पडणार आणि तिथे प्रकाशच पोचणार नाही. प्रतिमा उलटी असल्याने हे प्लेटचे खालचे कोपरे असतात, फोटो सुलटा केला की ते वर येतात. काळे कोपरे नेहमी वरच का, त्याचं उत्तर हे!

शिवाय वर्तुळाच्या आतही प्रकाश सारखा नसतो. मध्यापासून कडेला जाताना तो कोनाच्या कोसाईनच्या चौथ्या घाताने कमी होतो. २० सेंटिमीटरची लेन्स मध्यावर असतानासुद्धा कोपऱ्याचा कोसाईन येतो ०.८, त्याचा चौथा घात ०.४१. म्हणजे मध्यापेक्षा निम्म्याहूनही कमी उजेड. लेन्स ४ सेंटिमीटर वर सरकवली की तोच आकडा ०.२९ वर येतो. कोपरा आधी मंदावतो, मग विझतो.

गणित संपल्यावर रूममेट म्हणाला, बरं, मर्यादा मान्य, पण मग त्याने तो भाग कापला का नाही? प्रश्न बरोबर होता. आत्झे निगेटिव्ह मोठी करून छापत नसे. काचेची प्लेट कागदावर थेट ठेवून उन्हात छापायची ही त्याची पद्धत, त्यामुळे फोटो प्लेटच्याच आकाराचा. दोन बाजूंनी कात्री चालवली असती की काम झालं असतं. पण फोटोचा वरचा पट्टा कापला असता तर काळ्या कोपऱ्यांबरोबर त्यांच्या मधोमध आलेला छपराचा कळस, खिडकीची महिरप, धुराड्याची टोकं हेही गेलं असतं. ज्यासाठी लेन्स वर सरकवली तेच गेलं असतं! मला वाटतं त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एक, स्वच्छ कोपऱ्यांचा पण अपुरा फोटो. दुसरा, काळ्या कोपऱ्यांचा पण पुरा. दस्तऐवज करणाऱ्या माणसाने दुसरा निवडला. प्लेट धरणाऱ्या चिमट्यांच्या काळ्या खुणाही त्याच्या कित्येक फोटोंच्या कडेला तशाच दिसतात. निगेटिव्हवर घातलेला नंबरही दिसतो. त्याने काहीच लपवलेलं नाही.

लेन्सची ही मर्यादा त्याच्या फोटोंत आणखी एका तऱ्हेने उतरली. अशा जुन्या लेन्सने कडेपर्यंत रेखीव प्रतिमा हवी असेल तर तिचं छिद्र खूप बारीक करावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे प्रकाश कमी, म्हणजे प्लेट जास्त वेळ उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात चालणारी माणसं एक तर पुसली जातात, नाहीतर धुरासारखी उमटतात. त्यात तो निघायचा पहाटे. म्हणून आत्झेचं पॅरिस रिकामं दिसतं. दुकानाच्या दारातून डोकावणारा एखादा चेहरा, अर्धवट विरलेली एखादी बाई, बाकी सारं सामसूम. लोक त्यात पुढे गूढ अर्थ शोधू लागले, पण त्याच्या मुळाशी बारीक छिद्र आणि पहाटेची वेळ आहे हेही विसरू नये.

धंदा म्हणून तो मोठा चिकाटीचा होता. नमुन्यांचे अल्बम काखोटीला मारून तो ग्रंथालयं आणि संग्रहालयांच्या पायऱ्या चढायचा. पॅरिस शहराच्या इतिहासाचं कार्नाव्हाले संग्रहालय, शहराचं ऐतिहासिक ग्रंथालय आणि फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय ही त्याची मोठी गिऱ्हाइकं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेही त्याचे फोटो विकत घेतले. रस्त्यावरचे विक्रेते, भंगारवाले, पेटी वाजवणारे अशा पोटार्थी लोकांची एक मालिका त्याने १८९९-१९०० मध्ये केली. पुढे १९१३ मध्ये शहराच्या तटाबाहेर झोपड्यांत राहणाऱ्या चिंध्या वेचणाऱ्यांचीही केली. १९१० मध्ये त्याने पॅरिसमधल्या घरांच्या अंतर्भागाचा एक अल्बम तयार केला. त्यात त्याने थोडी गंमत केली. स्वतःच्याच घराचे फोटो घातले आणि खाली दुसऱ्याच कुणाची तरी घरं असल्याचं लिहून दिलं! दस्तऐवजवाला माणूसही कधीतरी नट होता, हे तिथे कळतं.

स्वभावाने तो हट्टी. पन्नाशीनंतर त्याने खाण्याचा एक विचित्र नेम धरला. दूध, पाव आणि साखर, बस्स! मेसच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी जरा विचार करावा. मात्र नाटकाचं प्रेम सुटलं नव्हतं. कामगारांसाठी चालणाऱ्या वर्गांत तो नाटकावर व्याख्यानं देत असे. मोंपार्नास भागातल्या कांपान्य-प्रेमिएर रस्त्यावरच्या घरात तो १८९९ मध्ये राहायला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. व्हॅलेंटाईनचा मुलगा त्यात मारला गेला. आत्झेचं काम जवळजवळ थांबलं. बाँबच्या भीतीने त्याने आपल्या हजारो काचेच्या निगेटिव्ह तळघरात ठेवल्या. युद्ध संपलं तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. मूलबाळ नाही, गिऱ्हाईक नाही. आपल्यामागे या काचांचं काय होणार, ही एकच चिंता त्याला खाऊ लागली.

१९२० मध्ये त्याने सरकारच्या कलाविभागाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. मी वीस वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या इच्छेने जुन्या पॅरिसच्या रस्त्यांचे फोटो काढले, आता सारं जुनं पॅरिस माझ्याजवळ आहे, पण वारस कुणी नाही, आणि हा संग्रह त्याचं मोल न जाणणाऱ्याच्या हाती पडून नष्ट होईल अशी भीती वाटते, असा त्याचा आशय. सरकारने २,६२१ निगेटिव्ह १०,००० फ्रँकला घेतल्या. भागाकार करून बघा, एका निगेटिव्हला चार फ्रँकसुद्धा पडले नाहीत! तरी त्याला समाधान वाटलं असावं. कारण काचा आता सुरक्षित होत्या.

या पैशामुळे त्याला मोकळीक मिळाली. मग तो पुन्हा बाहेर पडला. व्हर्साय आणि सँ-क्लूच्या बागा, तळी, झाडांची मुळं, पुतळे. १९२५ मध्ये सो इथल्या ओसाड पडलेल्या बागेत तो वसंतात वारंवार गेला. वय ६८. एका फोटोला त्याने मार्च महिना, सकाळी ७ अशी नोंद केली आहे. म्हणजे सात वाजता हा म्हातारा तिवई लावून तयार होता! पहिल्या लेक्चरला आपली काय अवस्था असते, ते सोडूनच द्या.

त्याच्याच रस्त्यावर मॅन रे हा अमेरिकन कलावंत राहत होता. त्याला आणि त्याच्या सर्रिअलिस्ट मित्रांना हे रिकामे रस्ते, दुकानांच्या काचांत उमटलेली प्रतिबिंबं, शिंप्याच्या दुकानातले बाहुले फार आवडले. १९२६ मध्ये त्यांच्या मासिकात आत्झेचे फोटो छापले गेले. एक तर मुखपृष्ठावर आला, १९१२ च्या सूर्यग्रहणाकडे माना वर करून बघणाऱ्या गर्दीचा. प्रसिद्धीची एवढी मोठी संधी! पण आत्झेने सांगितलं की माझं नाव छापू नका, हे फक्त दस्तऐवज आहेत. आणि खरंच नाव छापलं गेलं नाही.

मॅन रेच्या स्टुडिओत बेरेनिस ॲबट नावाची एक तरुण अमेरिकन मुलगी मदतनीस होती. आत्झेचे फोटो पाहून ती भारावली. त्याच्या घरी जाऊ लागली, परवडतील तसे फोटो विकत घेऊ लागली. १९२६ मध्ये व्हॅलेंटाईन वारली आणि आत्झे अगदी एकटा पडला. १९२७ मध्ये ॲबटने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून त्याची छायाचित्रं काढली. तो रोजच्या मळक्या कपड्यांत येईल असं तिला वाटलं होतं, पण आला चांगला ओव्हरकोट घालून! वाकलेले खांदे, थकलेले डोळे. ते फोटो दाखवायला ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो राहिलेला नव्हता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो गेला होता.

त्याच्या घरात अजूनही हजारो फोटो आणि निगेटिव्ह पडून होत्या. त्या सगळ्या त्याच्या एका जुन्या नाटकवाल्या मित्राच्या ताब्यात गेल्या. ॲबटने त्या मित्राचा पिच्छा पुरवला आणि १९२८ मध्ये, स्वतःजवळ फारसं काही नसताना, तो संग्रह मिळवला. पुढे तो न्यूयॉर्कला नेला. १९३० मध्ये आत्झेच्या फोटोंचं पुस्तक निघालं. त्यानंतर चाळीस वर्षं ॲबटने हा संग्रह सांभाळला, लेख लिहिले, लोकांना दाखवला. अखेर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो विकत घेतला. मधल्या काळात तिने स्वतः मोठ्या प्लेटचा भात्याचा कॅमेरा घेऊन बदलत्या न्यूयॉर्कची नोंद केली, तिचं ते पुस्तक १९३९ मध्ये आलं. आत्झेने पेरलेलं बी असं दुसऱ्या शहरात उगवलं.

चाळीस वर्षांत आत्झेने साडेआठ हजारांच्या आसपास निगेटिव्ह केल्या. त्यातल्या कितीतरी जागा आज पॅरिसमध्ये नाहीत. त्या कशा होत्या हे पाहायचं तर त्याच्या फोटोंकडेच जावं लागतं. कला म्हणून त्या फोटोंवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत, त्यात मी पडत नाही. मला भावला तो त्याचा काळा कोपरा.

आपल्याकडे प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग कशी बसवली जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटचा बिंदू रेषेवर येत नाही? खोडा, सरकवा, जर्नल छान दिसलं पाहिजे! पण उपकरण जिथे कमी पडतं ती जागा दाखवणं हासुद्धा नोंदीचाच एक भाग आहे. माझी लेन्स इथवर पोचते, यापुढे नाही, हे आत्झेचा प्रत्येक काळा कोपरा उघडपणे सांगतो. म्हणून मधल्या उजेडावर आपला विश्वास बसतो. ज्या माणसाने कोपरा लपवला नाही, त्याने दरवाजाही बदलला नसणार.

रूममेट अजूनही म्हणतो की थोडी मोठी लेन्स घेतली असती तर बरं झालं असतं. अभियंता म्हणून त्याचं चूक नाही. पण घ्यायला हवी ती लेन्स घेईपर्यंत ती बोळ उभी राहिली असती का? पाडणारे थांबत नाहीत. आत्झेकडे जी होती ती लेन्स, जो होता तो कॅमेरा, आणि उद्या सकाळचा उजेड एवढंच होतं. तेवढ्यावर त्याने एक शहर वाचवलं. आपल्या हाताशी याहून पुष्कळ जास्त आहे!